आपल्या मुलींचा झेंडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. यंदा मला चार शब्द बोलायला उभे केले, तो अपराध आपल्या चिटणीसबाईंचा. विषय त्यांनीच दिला आहे: मुलींच्या कबड्डी संघासाठी आपण केलेला झेंडा.

लालबाग-परळच्या माणसाला कबड्डी नव्याने सांगायला नको. गिरण्यांचे संघ असत, गल्लोगल्ली मंडळांचे असत. पण सामन्याला गर्दी व्हायची ती पुरुषांच्या. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई खेळांत महिलांची कबड्डी प्रथमच आली आणि ते पहिले सुवर्णपदक भारताने जिंकले. २०१२ साली पाटण्याला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. हे आपण कौतुकाने वाचले. आणि आपल्याच मुलींचा सामना पाहायला घरची एकही बाई जात नव्हती. माझी नात त्या संघात आहे. मीही गेले नव्हते. संध्याकाळी कुकर लावायचा असतो, हे माझे ठरलेले उत्तर.

एके दिवशी ती म्हणाली, "आजी, मुलांच्या संघाला झेंडा आहे. आम्हाला करून देशील?"

प्रथम कोणी सुचविले, तिरंगा आणून त्यावर संघाचे नाव घालू. ते आपण केले नाही, हे बरे झाले. तिरंग्यावर काहीही लिहिणे हा १९७१ च्या कायद्याने राष्ट्रध्वजाचा अपमान ठरतो. म्हणून झेंडा आपलाच, रंगही आपलेच, असे ठरले.

हिंदमाताहून दोन मीटर मांजरपाट आणला. एकेकाळी हे कापड आमच्या घरी गिरणीतून येई. १९८२ च्या संपानंतर ते दिवस गेले. नव्या कापडाला खळ असते, ती धुऊन काढावी लागते. आपण घाईत तसेच रंगवायला घेतले, आणि पहिले अक्षर कापडात मुरलेच नाही, वरच्या वर राहून पोपडे निघाले. मग कापड धुतले, वाळवले, इस्त्री केली. खाली वर्तमानपत्रे घालून ते टेबलावर ताणून बसवले. खडूने आधी शिरोरेषा आखली, मग अक्षरे तिला टांगली. अक्षर वीतभर हवे, नाहीतर मैदानाच्या पलीकडून वाचता येत नाही. फॅब्रिक रंगात पाणी घातले की तो फुटतो, हे आपल्या केशरी वेलांटीने शिकवले. ती अजून तशीच आहे. एक दिवस वाळवून उलट्या बाजूने इस्त्री फिरवली आणि कडेला काठीसाठी नेफा शिवला.

हे सारे चार दुपारी चालले. चौथ्या दुपारी लक्षात आले की, सामना कधी आणि कुठे आहे हे आपल्या सगळ्यांना पाठ झाले आहे. हाताने केलेली वस्तू मैदानात कशी दिसते, हे पाहायला पाय आपोआप निघतात. त्या संध्याकाळी आपण अकरा जणी गेलो.

मुली हरल्या. खोटे कशाला सांगू? पण माझी नात चढाईला निघाली, तेव्हा तिने एकदा झेंड्याकडे पाहिले. तिला तिघींनी धरले, ती बाद झाली, आणि बाहेर बसल्यावरही ओरडून बाकीच्यांना धीर देत होती. घरी ही मुलगी इतक्या मोठ्याने बोलते हे मला ठाऊकच नव्हते. बारा वर्षे माझ्याच घरात वाढली, आणि तिची ओळख मला मैदानात झाली.

कुकर त्या दिवशी उशिरा लागला. कोणी उपाशी राहिले नाही.

झेंडा सध्या मंडळाच्या कपाटात घडी करून ठेवला आहे. पण भगिनींनो, तो कपाटात शोभत नाही. पुढच्या सामन्याला काठी धरायला मी आहेच. माझा हात दुखला तर दुसरा हात हवा. तो तुमच्यापैकी कोणाचा, एवढे आज सांगून ठेवा.