मोजपट्टी स्वतःलाही लावावी
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालो, वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजही तेथेच आहे. मात्र चाळीस वर्षे लोकांना कापड मोजून देताना समाजाचे बदलते आकारमान मी जवळून पाहिले. पूर्वी शर्टासाठी सव्वादोन मीटर कापड पुरे, आता गिऱ्हाईक स्वतःहून अडीच मागते. ऐंशी सेंटीमीटरचा ब्लाउजपीस दाखविला, तर भगिनी म्हणतात, "काका, मीटरभर द्या."

माझे स्वतःचे वजन ६६ किलो, उंची साडेपाच फूट. सर्वजण मला सडपातळ म्हणत. सहा वर्षांपूर्वी तपासणीत रक्तातील साखर वाढलेली निघाली, तेव्हा मी डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, मी तर लठ्ठ नाही!" त्यांनी काही न बोलता माझ्या पोटाभोवती टेप लावला. कंबर ९७ सेंटीमीटर भरली. माझी विजार चौतीसची होती, कारण ती आपण पोटाच्या खाली बांधतो. पोट वाढत जाते आणि विजारीचे माप तेच राहते. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेले, तरी ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

या कोड्याचे उत्तर शोधणारे मोठे संशोधन आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती माता व त्यांच्या बालकांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. आपली बालके हाडकुळी, स्नायूंनी दुबळी. परंतु त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. 'दिसायला बारीक, आतून लठ्ठ' असे हे भारतीय शरीर जन्मापासूनच असते, हे २००३ मध्ये जगापुढे आले.

पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या तुलनेत वजन दाखविणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना सारखाच म्हणत होता.

पोटातील चरबी म्हणजे गोदामात पडून असलेला माल नव्हे. १९९४ मध्ये अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबीच्या पेशी रक्तात संप्रेरके सोडतात, भुकेवरही त्यांचा परिणाम होतो, हे तेव्हा उमगले. यकृताभोवती व आतड्यांभोवती साचलेली चरबी इन्शुलिनचे काम अडविते. त्यातून मधुमेह, रक्तदाब, यकृतविकार आणि हृदयविकार उद्भवतात. म्हणून भारतीयांसाठी तज्ज्ञांनी मर्यादा खाली आणल्या आहेत. बॉडी मास इंडेक्स २३ पर्यंत असावा. कंबर पुरुषांची ९० व स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी.

हे सांगताना मन जड होते. माझे धाकटे बंधू माझ्याहून किरकोळ अंगाचे होते. बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने ते गेले. त्यांची कंबर कधी कोणी मोजली नाही. मोजपट्टी मात्र आमच्या दुकानात रोज आमच्या दोघांच्या गळ्यात असे.

आपल्या शाकाहारी समाजाने पुण्याच्या अभ्यासातील आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तेथील सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनला होणारा विरोध अधिक दिसला. शाकाहारात बी-१२ मुख्यतः दूध-दह्यातून मिळते. घरात सून गर्भवती असेल, तर तिच्या ताटातील दूध-दही आणि तिची रक्ततपासणी हा खर्च नव्हे, ती पुढच्या पिढीसाठीची गुंतवणूक आहे.

आता उपाय. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींनी केवळ आहार व व्यायाम सुधारल्याने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. शेजारच्या लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन दोन वेळा जेवण व रोज चालणे यांचा प्रसार केला. त्याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज जेवणे कमी करू नयेत. २०२५ पासून भूक कमी करणारी नवी इंजेक्शनेही वजनासाठी भारतात मिळू लागली आहेत. गंभीर स्थूलतेत शस्त्रक्रियाही होते. परंतु हे निर्णय डॉक्टरांचे, दुकानदारांचे किंवा शेजाऱ्यांचे नव्हेत.

आपल्या आचार्यांनी बाह्य तपात ऊनोदर सांगितले आहे, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी. आपण सूर्यास्तापूर्वी जेवतो म्हणून स्वतःला संयमी समजतो. पण घाईघाईने जास्तच जेवतो. उपवास श्रद्धेने करतो आणि पारण्याला तुपातल्या शिऱ्यावर त्याची भरपाई करतो. दुकानात दिवसभर साखरेचे आठ चहा आणि फरसाण चालूच असते. हे मी इतरांना नव्हे, स्वतःलाच सांगतो आहे.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. न्यासाच्या वार्षिक आरोग्य शिबिरात वजनकाट्याशेजारी एक मोजपट्टी ठेवावी. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, प्रत्येकाचे माप घ्यावे व कार्डावर लिहावे. समारंभाच्या पंगतीत गोड पदार्थ एकच असावा. मोजपट्ट्या माझ्याकडून, त्याचे बिल होणार नाही.

माझी कंबर आज ९१ आहे. अजून एक सेंटीमीटर देणे बाकी आहे. पहाटेच्या चालण्यात ते फेडतो आहे. आपणही आज घरी जाऊन आपला हिशेब पाहावा, एवढेच मागणे.