पेटीतले पेन आणि वहीवरचे पेन

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात शिक्षक, पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले भाषण)



आज येथे गुणवंतांचा सत्कार झाला. शाली झाल्या, हार झाले आणि बऱ्याच जणांच्या हाती मखमली पेटीतले एकेक पेन आले. आपल्या जळगाव-धुळे भागात शाळेचा सत्कार सहसा पेनाशिवाय पुरा होत नाही. या पेनांचे पुढे काय होते, याविषयीच चार शब्द बोलावेत असे मी ठरवले आहे. बहुतेक घरांत पेटी कपाटात जाते. पाहुणे आले म्हणजे ती उघडून दाखवली जाते, आणि पुन्हा बंद होते. लिहायला खिशात पाच-दहा रुपयांचे बॉलपेन असतेच. मोठे, भारी किमतीचे शाईचे पेन रोजच्या लिखाणाला काढावे की जपून ठेवावे, हा माझा प्रश्न आहे. दिसायला तो लहान आहे. परंतु आपण कोणत्या कामाला मान देतो, हे त्यावरून कळते.

कलमाचा मान आपल्याला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. पहिल्या वहीतच वाचनाची आज्ञा आली आणि कलमाद्वारे ज्ञान दिल्याचा उल्लेख आला. कुरआन शरीफातील एका सूरहचे नावच 'अल्-कलम' आहे. शाई स्वतःच्या पोटात बाळगणाऱ्या लेखणीची एक फार जुनी नोंददेखील मुस्लिम इतिहासातच सापडते. दहाव्या शतकातील फातिमी खलिफा अल्-मुइझ यांनी, हात व कपडे डागाळणार नाहीत, बाहीत ठेवता येईल आणि उलटी धरली तरी शाई गळणार नाही, अशी लेखणी मागवली. कारागिराने ती करून दिली, तीही सोन्याची. ही हकीकत काझी अल्-नुमान यांनी लिहून ठेवली आहे. त्यातून त्यांनी काढलेला बोध मला विशेष वाटतो. ही लेखणी कारणावाचून शाई सोडत नाही. काम घेऊन येणाऱ्यालाच देते, आणि कोणाचा हात मळवत नाही. म्हणजे ती सोन्याची असली तरी तिचे कौतुक झाले ते तिच्या वागण्याचे.

पुढे १८८४ साली अमेरिकेत वॉटरमन यांनी आपल्या फाउंटन पेनाचे पेटंट घेतले आणि हे साधन हळूहळू जगभर गेले. आपल्याकडे बोरू होता, मग टाक आणि दौत आली, नंतर पेन आले. मराठीत कोणी त्याला 'झरणी' असे सुंदर नाव दिले होते, पण रूढ झाले ते पेनच.

आता 'मोठे पेन' म्हणजे काय, ते सांगतो. या जातीचे सर्वांत प्रसिद्ध पेन म्हणजे जर्मनीतील माँ ब्लाँ कंपनीचे १४९ क्रमांकाचे पेन. ते १९५२ साली निघाले. त्याच्या मालिकेचे नाव 'माइस्टरश्टूक', म्हणजे उस्तादाच्या तोडीची कृती. टोपणासह त्याची लांबी सुमारे पंधरा सेंटिमीटर आणि जाडी अंगठ्याएवढी. आतला दट्ट्या फिरवून शाई ओढून घ्यायची. निबेवर ४८१० हा आकडा कोरलेला असतो. ती माँ ब्लाँ शिखराची पूर्वी मानली गेलेली मीटरमधील उंची. किंमत आज लाखाच्या आसपास जाते. मंत्री आणि उद्योगपती अशा पेनांनी करारांवर सह्या करतात, त्यामुळे हे सहीचेच पेन आहे असा समज झाला आहे.

वास्तविक त्याची घडण पाहिली तर ते पानेच्या पाने लिहिण्याचे साधन आहे. बारीक पेन बोटांनी आवळून धरावे लागते. जाड पेन बोटांच्या आधाराने नुसते टेकते. बॉलपेनची गोळी फिरण्यासाठी कागदावर दाब द्यावा लागतो. शाईच्या पेनात निबेच्या चिरेतून केशाकर्षणाने शाई आपोआप खाली येते. दाब देण्याचे कारणच नाही. ज्या शिक्षकाला एका बैठकीत चाळीस-पन्नास उत्तरपत्रिका तपासायच्या असतात, त्याच्या अंगठ्याला विचारा, हा फरक केवढा आहे! मोठ्या नळीत शाईही अधिक मावते, म्हणून दिवसाचे काम मध्येच अडत नाही. अर्थात, ज्याचा हात लहान आहे त्याने मोठेपणाच्या हौसेने जाड पेन घेऊ नये. पेन हाताच्या मापाचे असावे.

निब सोन्याची का असते, हे जळगावच्या माणसाला चटकन कळेल. आपले गाव सोन्याच्या पेढ्यांसाठी ओळखले जाते. ही निब चौदा किंवा अठरा कॅरेटची असते. शाईत आम्लाचा अंश असला तरी सोने गंजत नाही, हे तिचे मुख्य कारण. कागदावर घासले जाणारे टोक मात्र सोन्याचे नसते. तेथे एका अतिशय कठीण मिश्रधातूचा ठिपका बसवलेला असतो. झीज सोसण्याचे काम त्या इवल्या ठिपक्याकडे असते, आणि नाव सोन्याचे होते. आपल्यापैकी काहींच्या मनात पुरुषाने सोने वापरण्याविषयी किंतु येईल. त्यांनी आलिमांना विचारावे, किंवा सरळ स्टीलची निब घ्यावी. चांगल्या स्टीलच्या निबेने अक्षर कमी पडत नाही.

याहून मोठा आक्षेप इस्राफचा, म्हणजे उधळपट्टीचा आहे. शिक्षकाच्या पगारात लाखाचे पेन बसते काय? बसत नाही, आणि बसवूही नये. कर्ज काढून पेन घेणारा माणूस कलमाचा मान वाढवत नाही. पण भेट म्हणून आलेली, मुलाने परदेशातून आणलेली किंवा वडिलांच्या मागे राहिलेली चांगली वस्तू वर्षानुवर्षे बंद ठेवणे, हीसुद्धा एक उधळपट्टीच आहे. पाण्याचा घडा भरून ठेवला आणि कोणालाही पिऊ दिले नाही, तर त्याला कोणी काटकसर म्हणणार नाही.

या बाबतीत गांधीजींच्या नावाशी निगडित अशा दोन गोष्टी आहेत, त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. आंध्रातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने हाताने पेने बनवण्यास सुरुवात केली. रत्नम पेन हे नाव १९३२ पासूनचे आहे. त्यांचे एक पेन कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोचले. गांधीजी तेव्हा आपल्या वर्ध्याला होते. त्यांनी ते वापरून पाहिले, आणि बाजारात मिळणाऱ्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, अशा आशयाचे पत्र १९३५ च्या जुलैत रत्नम यांना लिहिले. पुढे २००९ साली माँ ब्लाँ कंपनीने गांधीजींच्या नावाने पांढऱ्या सोन्याची २४१ पेने काढली. दांडीयात्रेच्या २४१ मैलांची ती आठवण! एकेकाची किंमत अकरा लाखांच्या वर होती. लोकांनी नापसंती दर्शवली, केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली गेली आणि २०१० साली विक्री थांबवावी लागली. पहिल्या गोष्टीत माणसाने पेन हातात घेतले, चालवले आणि मग मत दिले. दुसऱ्या गोष्टीतली पेने काचेच्या कपाटासाठीच जन्मली होती. आपल्या घरातले पेन या दोहोंपैकी कोणत्या रांगेत बसते, ते ज्याचे त्याने पाहावे.

आपल्या खानदेशाने लिहित्या हाताचे मोल फार जवळून पाहिले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अशी अठरा प्रवचने झाली. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेले. बोलणे चालू असता त्यांनी ते भरभर लिहून घेतले, म्हणून आज 'गीताप्रवचने' हे पुस्तक आहे. तुरुंगात कसली पेटी आणि कसले मखमल! दर रविवारी न थकता चालणारा एका शिक्षकाचा हात होता, एवढेच.

दुसरे उदाहरण जळगावजवळच्या आसोद्याच्या लेकीचे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्यांच्या मुखातून जे आले, ते घरातल्यांनी टिपून ठेवले. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली, पुत्र सोपानदेव व आचार्य अत्रे यांच्या खटपटीने, ती गाणी पुस्तकरूपाने बाहेर आली. २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. घरात कोणी वेळेवर लेखणी उचलली नसती, तर ते धन मातीतच राहिले असते. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याही घरी नानी-दादी आहेत. त्यांच्या कहाण्या, लग्नातली गाणी, गावातल्या जुन्या आठवणी कोणी लिहून घेतल्या आहेत काय? बक्षीस मिळालेल्या पेनाचे पहिले काम हेच असू द्या.

आता थोडे व्यवहाराचे. ज्यांना मोठे पेन आवडते पण मोठी किंमत परवडत नाही, त्यांनी आपल्या देशात हाताने कातलेली एबोनाइटची पेने पाहावीत. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कठीण केलेले रबर. ते हाताला ऊबदार लागते आणि घामाने निसटत नाही. ड्रॉपरने शाई भरायच्या पेनाची एक खोड लक्षात ठेवावी: शाई निम्म्याखाली गेली की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि निबेवर थेंब येतो. म्हणून ते वेळीच भरावे. आपला मे महिना चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा. टोपण उघडे राहिले तर निबेवर शाई सुकते आणि मग पेनाला दोष दिला जातो. मोटारसायकलच्या डिकीत पेन ठेवू नये. चित्रकलेची काळी शाई त्यात कधीही भरू नये, ती निबेखालच्या जिभेत घट्ट बसते. पंधरवड्याने साध्या पाण्याने पेन धुवावे. आणि एक महत्त्वाचे: पेनाला सर्वांत अधिक अपाय न वापरण्याने होतो. शाई भरून कपाटात ठेवलेले पेन आतून सुकून बंद पडते. रोज चालणाऱ्या पेनाला ही व्याधी सहसा होत नाही.

आपल्या शाळांतले बरेच विद्यार्थी उर्दू उजवीकडून लिहितात आणि मराठी डावीकडून. एकाच तासाच्या अंतराने हात दिशा बदलतो. ही मुले लेखणीवर जितकी मेहनत घेतात तितकी फार थोडी मुले घेत असतील. म्हणून माझे शेवटचे सांगणे मुलांना नसून आम्हा शिक्षकांना आहे. आपण आपले उत्तम पेन कोणासाठी काढतो? प्रमुख पाहुण्यांनी अभिप्राय-वहीत सही करावी म्हणून. आणि पाचवीतल्या मुलाच्या वहीवर शेरा कशाने लिहितो? रिफिल संपत आलेल्या, दोनदा झटकल्यावर उठणाऱ्या लाल पेनाने. पाहुणे वर्षातून एकदा येतात, आणि मूल रोज वही पुढे करते. धुळ्यात यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला बाप किंवा जळगावच्या डाळ मिलमधून परतलेली आई ती वही उघडते. त्यांना धडा कदाचित वाचता येत नाही; पण गुरुजींनी काहीतरी लिहिले आहे, स्वच्छ लिहिले आहे, घाईत खरडलेले नाही, एवढे त्यांना नक्की दिसते. आपल्या लेकराची शाळेत किती किंमत आहे, ते त्या दोन ओळींवरून ताडतात.

तेव्हा माझी विनंती अशी. ज्या शिक्षकांना आज पेन मिळाले आहे, त्यांनी ते घरी नेऊन कपाटात ठेवू नये. उद्या सकाळी शाई भरावी आणि हजेरीपटापासून सुरुवात करावी. वह्या तपासताना तेच हातात असू द्यावे. त्याच्यावर ओरखडे पडतील, टोपणाची झिलई जाईल, शिपाईमामा म्हणतील, "सर, एवढे महागाचे पेन इथे कशाला काढले?" त्यांना सांगावे की याहून मोठे काम आमच्याकडे आले नाही. पेन हरवण्याची भीती खरी आहे. त्यासाठी टोपणावर नाव कोरून घ्यावे आणि मागणाऱ्याला दुसरे साधे पेन द्यावे. पुढल्या संमेलनात आपण पुन्हा भेटू, तेव्हा या पेनांच्या पेट्या कोणी पाहू नयेत. त्यांच्या निबा किती चालल्या आणि शाईच्या किती बाटल्या रिकाम्या झाल्या, ते विचारावे.