बोलण्याचा हेल बदलतो तेव्हा



नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात असताना, १९४१ साली ऑस्लोवरील हवाई हल्ल्यात एका तरुणीच्या मेंदूला बॉम्बच्या तुकड्याने इजा झाली. गेलेली वाचा हळूहळू परतली. परंतु शब्द नॉर्वेजियन असूनही हेल जर्मन वाटे. ती कधी परदेशात राहिलेली नव्हती. तरीही जर्मन समजून दुकानदार तिला माल देत नसत. मेंदूविकारतज्ज्ञ मोनराड-क्रोन यांनी १९४७ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली.

या विरळा विकारात उच्चार, आघात व लय यांवरील मेंदूचे नियंत्रण बिघडते. परकेपणा ऐकणाऱ्याच्या कानाला भासतो. हे सोंग नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. म्हणून शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ध्यानी ठेवावे : कोणाचे बोलणे अचानक पालटले, तर हसण्यापूर्वी त्याला रुग्णालयात पोहोचवावे.