टेन्शन घेऊ नका, म्हणजे काय करू?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. हृदयरोगाच्या ओपीडीतल्या बायका माझ्याकडे येतात. कुणाला हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेला असतो, कुणाची झडप बदललेली असते, तर कुणाच्या हृदयाचा पंप कमजोर झालेला असतो. हे आजार ऑपरेशन झालं की संपत नाहीत, जन्मभर सोबत राहतात. अशा आजारासोबत मन कसं सांभाळायचं, याबद्दल आज बोलायचं आहे.

पन्नाशीच्या एका बाईंना घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, "गोळ्या वेळेवर घ्या, मीठ कमी खा, टेन्शन घेऊ नका." बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मी कुठं घेते टेन्शन? मला ते घरबसल्या मिळतं." आम्ही दोघी हसलो. मग त्या रडायला लागल्या. नवऱ्याचं काम सुटलेलं, सून बाळंतीण, पाणी खालून भरून आणायचं. स्वतःसाठी भाजी वेगळी करावी तर गॅस जास्त जळतो, सगळ्यांसाठी कमी मिठाची करावी तर ताट सरकवलं जातं.

मनाचा आणि हृदयाचा संबंध आहे, याबद्दल आता वाद नाही. हार्ट अ‍ॅटॅकनंतर साधारण पाचातल्या एका रुग्णाला गंभीर नैराश्य येतं. असं माणूस गोळ्या चुकवतं, चालणं सोडतं, तपासणीला येईनासं होतं. अमेरिकेत १९९८ साली मार्टिन सेलिग्मन यांनी मानसशास्त्राच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून एक विचार मांडला. फक्त दुखण्याचा नाही, तर आनंद, आशा, कृतज्ञता यांचाही अभ्यास करावा, असं ते म्हणाले. त्यातून 'सकारात्मक मानसशास्त्र' पुढे आलं. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२१ च्या निवेदनात मान्य केलं की, आशावादी आणि जगण्याला हेतू असलेल्या माणसांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी आढळतं.

पण याचा अर्थ 'हसलात म्हणजे वाचलात' असा नाही. २००३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या, उदास किंवा एकाकी असलेल्या जवळपास अडीच हजार रुग्णांचा तो अभ्यास होता. मानसोपचाराने त्यांची उदासी आणि एकाकीपणा काही प्रमाणात कमी झाला, पण मृत्यू किंवा पुन्हा येणारे अ‍ॅटॅक कमी झाले नाहीत. मग तो उपचार वाया गेला का? मला तसं वाटत नाही. बाईला रात्री झोप लागली, जेवण गोड लागलं, हा फायदा स्वतःच मोलाचा आहे. मात्र आनंदी राहणं हे आणखी एक काम म्हणून तिच्या डोक्यावर ठेवू नका. नाहीतर उद्या दुखणं वाढलं की लोक म्हणतील, "हिचा स्वभावच चिंता करणारा."

ही चूक मीही केली आहे. दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी रोज लिहायच्या, असा या शास्त्रातला एक साधा प्रयोग आहे. मी उत्साहाने बायकांना वह्या वाटल्या. काहीजणींना लिहिता येत नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. एकीच्या वहीत रोज तेच वाक्य, "आज ह्यांनी चहा करून दिला." मी कौतुक केलं. तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, वही घरात सगळे वाचतात."

मी वह्या बंद केल्या. आता महिन्यातून एकदा, नंबर लागेपर्यंत, आम्ही बाकावर गोल करून बसतो. प्रत्येकीने सांगायचं, या महिन्यात बरं कधी वाटलं? कुणी म्हणते, दुपारी तासभर पडले, कुणी उठवलं नाही. कुणी म्हणते, शेजारणीबरोबर देवळापर्यंत चालत गेले. ऐकता ऐकता लक्षात येतं की यातल्या बहुतेक गोष्टींना दुसऱ्या कुणाचा तरी हात लागलेला असतो.

याच गोलात एकीने कबूल केलं की, बाजाराच्या दिवशी ती पाण्याची गोळी घेत नाही. गोळीने वारंवार लघवीला लागते आणि बाजारात बायकांसाठी मुतारी नाही. पायांवर सूज का चढत होती, ते तेव्हा कळलं. डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ बदलून घेतली. त्यानंतर ती बरीच मोकळी झाली. तिला आशावादाचे धडे द्यायची गरज नव्हती, मुतारीची होती. ती मागणी मात्र अजून बाकी आहे.

म्हणून तुम्हा कार्यकर्त्यांना माझी चार मागणी आहेत. गटात हृदयरोग असलेली बाई असेल, तर तिच्या वाट्याचं पाणी कोण भरेल, हे तिच्या घरच्यांसमोर बसून ठरवा. बैठकीत तिला उपदेश करू नका, बरं कधी वाटलं ते विचारा आणि वाईट वाटलं तेही सांगू द्या. दोन आठवड्यांहून जास्त उदासी टिकली, जगणं नको वाटू लागलं, तर डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आणि शेवटचं, दम लागणं, छातीत जड वाटणं, जबडा किंवा पाठ दुखणं, अचानक खूप थकवा, घाम, मळमळ अशी तक्रार बाईने केली, तर 'टेन्शन असेल' किंवा 'पित्त असेल' म्हणून तिला घरी बसवू नका. तिला ताबडतोब दवाखान्यात न्या.

त्या पन्नाशीच्या बाई अजून येतात. पाणी आता धाकटा मुलगा भरतो. मीठ घरात सगळ्यांनीच कमी केलंय असं मात्र नाही. परवा म्हणाल्या, "भांडण चालूच आहे ताई, पण आता मी बसून भांडते."