वरळीच्या चाळी : पावतीपासून मालकीपर्यंत



वकिलाने वस्तीचा इतिहास सांगावा याचे आपणांपैकी काहींस नवल वाटेल. परंतु वरळीच्या बी. डी. डी. चाळींचा इतिहास हा पुष्कळसा एका कागदाचा इतिहास आहे, आणि कागद हा आमच्या धंद्याचा विषय आहे.

मुंबई सरकारने १९२० साली, गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दीत, ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे खाते काढले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. दर चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. गिरण्या दूर आणि भाडे जड, म्हणून आरंभी कैक खोल्या ओस पडल्या. कायदेभंगाच्या काळात सत्याग्रहींना कोंडण्यासही त्या उपयोगी पडल्या!

पुढे त्या भरल्या. कोकणातून व देशावरून आलेले आपले वाडवडील येथे राहिले. गिरणीत त्यांना विणकाम खात्यात घेत नसत. कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि त्यास अस्पृश्याचे ओठ लागलेले इतरांस चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कामावरचा हा भेद शेजारातही शिल्लक राहिला. ५ जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरच्या सभेनंतर याच चाळींत दंगल पेटली. पाच दिवसांनी परळच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण दगडाने ठार झाला. शासनाने न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला. एका नळावर पाणी भरणारी माणसे एकमेकांवर दगड कसे उचलतात, याचे उत्तर मात्र कोणत्याही अहवालात पुरते सापडावयाचे नाही.

१९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी कचेऱ्या व मनोरे आले. चाळींच्या पुनर्विकासाची कोनशिला २०१७ साली बसली आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

आता कागदाकडे वळू. चाळींचा मालक शासन. भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण शासकीय जागेस नाही. उलट, तेथून माणसास निष्कासित करण्याचा वेगळा कायदा १९५५ पासून आहे. म्हणजे तीन-तीन पिढ्या आपण एका पावतीच्या आधाराने राहिलो, आणि ती पावती बहुधा एकाच पुरुषाच्या नावे असे. मालकीचे घर ही निराळी वस्तू आहे. मालक मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई या सर्वांचा सारखा हिस्सा असतो. मुलगी विवाहित आहे म्हणून तो बुडत नाही. “आम्ही बौद्ध झालो, मग हा कायदा आम्हांस कसा?” असे मला वारंवार विचारण्यात येते. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ याच्या कलम २ मध्ये तो बौद्धांस लागू असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. दीक्षेमुळे आपला वारसाहक्क जात नाही. भावाने तसे सांगितले तर बहिणीने ऐकू नये.

पाच-सहा वर्षांपूर्वी एक भगिनी माझ्याकडे आली. वडिलांच्या घरावरील हक्क सोडल्याच्या पत्रावर तिने सही केली होती. तिला ते ‘विजेच्या मीटरचे कागद’ म्हणून सांगितले होते. तो दावा अजून चालू आहे.

तेव्हा नवे घर मिळाल्यावर पत्नीचे नाव जोडता येते काय, हे कचेरीत तोंडी नव्हे, लेखी विचारा आणि पोच घ्या. जुन्या पावत्या, शिधापत्रिका, मृत्यूचे दाखले एका पेटीत ठेवा. सभा संपल्यावर मी येथेच बसणार आहे. ज्यांनी कागद आणले असतील त्यांनी पुढे यावे. बायकांनी आधी यावे.