तंबू किती मावतात आणि माणसं किती?

चुलीवर काही असेल तर जाळ जरा मागे ओढा आणि दहा मिनिटं आमच्याजवळ बसा.

आम्ही जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या, हिरड्याच्या डोंगरातल्या बचत गटाच्या बायका. गट अकरा जणींचा. दोन वर्षांपूर्वी मासिक बैठकीत एक विषय निघाला. पावसाच्या तोंडाला आपल्याकडे काजवे बघायला शहरातली माणसं गाड्या घेऊन येतात, चहा कुठे मिळेल विचारतात आणि रात्रीच परत जातात. त्यांच्या राहायची सोय आपणच केली तर? गटातल्या एका ताईंचा माळ मोकळा होता. त्यात वीस तंबू मावतात, हे दोरी टाकून मोजूनही झालं. कर्जाचा अर्ज तेवढा लिहायचा राहिला होता. तेव्हा आमच्या अध्यक्षा म्हणाल्या, "आपण कधी कुणाच्या तंबूत पैसे देऊन झोपलोय का? आधी पाहुण्या होऊन बघू, मग यजमान होऊ."

म्हणून आम्ही अकरा जणी जीप करून निघालो. ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर करत भंडारदऱ्याला. प्रवरा नदीवरचं तिथलं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. वर कळसूबाईचं शिखर, आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच. मे संपता संपता आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिथली झाडं काजव्यांनी लखलखतात. जूनचा पहिला शनिवार होता. आम्ही आधी फोन करून माणशी बाराशे रुपये, जेवणासकट, असं ठरवलं होतं. जिथे राहिलो तिचं नाव सांगणार नाही. चालवणारी माणसं वाईट नव्हती, आणि नाव घेऊन आपलं काही भलं होणार नाही. गोष्ट मात्र ऐका.

शेवटच्या पाच-सहा किलोमीटरला आम्हाला तीन तास लागले. अरुंद रस्ता, समोरासमोर गाड्या, कुणी मागे घ्यायला तयार नाही. पोचलो तेव्हा अंधार पडला होता. फोनवर पंचवीस तंबू सांगितले होते. तिथे तंबूला तंबू टेकला होता. एकाची दोरी दुसऱ्याच्या खुंटीला. आम्ही सकाळी मोजले, तर एकसष्ट भरले. माणसं दोनशेच्या आसपास. आणि संडास किती? चार. त्यातल्या एकाला कडी नव्हती, एक तुंबलेला. बायकांचे वेगळे असे नव्हतेच.

जेवणाची रांग साडेनऊला लागली. आमचा नंबर येईपर्यंत पिठलं संपलं होतं. भात आणि ठेचा उरला. आमच्यातल्या दोघी पाणी मागायला म्हणून मागच्या बाजूला गेल्या, तर तिथे दोन चुलींवर दोनच बायका दोनशे माणसांच्या भाकऱ्या थापत होत्या. दुपारपासून बसलेल्या. आमच्या दोघींनी काही न बोलता परात ओढली आणि थापायला घेतलं. त्या बायकांकडून कळलं, की मुंबई-पुण्यातले चार-पाच एजंट परस्पर पैसे घेतात आणि माणसं पाठवून देतात. किती येणार ते मालकाला संध्याकाळी कळतं. मग आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं, म्हणून भाड्याने आणखी तंबू आणायचे. त्यातली एक म्हणाली, "नाही म्हणायला कुणाची जीभ वळत नाही बाई. पैसा दारात येतो ना." हे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो.

आमच्या तंबूशेजारी एक मोठी गाडी उभी होती. आत पलंग, ओटा, संडास, सगळं. चाकांवरचं घरच. कारवान म्हणतात तिला. पुण्याचे एक निवृत्त काका-काकू ती भाड्याने घेऊन आले होते. काकूंनी आम्हाला आत बोलावून दाखवलं. आपल्याला वाटेल, यांना कशाची ददात? पण अशा गाडीलाही उतरल्या जागी चार गोष्टी लागतात. सपाट जमीन, विजेची जोडणी, टाकी भरायला पाणी आणि घाण पाण्याची टाकी रिकामी करायला शोषखड्डा किंवा गटार. तिथे एकाच तारेवर सगळे दिवे आणि गाण्याचा स्पीकर टाकलेला. वीज सारखी जायची, की गाडीतला पंखा बंद. पाणी टँकरचं, तेही रात्री संपलं. काकूंनी दया येऊन दोन-तीन लेकुरवाळ्यांना आपला संडास वापरू दिला, तर त्यांची टाकी भरली आणि ती ओतायला जागा नाही. सकाळी निघायचं म्हटलं, तर गाडीच्या चहूबाजूंनी तंबू. आठ तंबू उपटले तेव्हा कुठे गाडी बाहेर निघाली. घर बरोबर आणलं तरी गर्दीतून सुटका नाही, हे आम्हाला तिथे कळलं.

आणि काजवे? ज्यासाठी आलो ते? नऊ वाजता सगळ्यांना झाडांकडे नेलं. पण मागून येणाऱ्या गाड्यांचे दिवे झाडांवर, प्रत्येकाच्या हातात मोबाईलची बॅटरी. कुणी फांदी हलवतंय, कुणी बाटलीत काजवे भरतंय. मैत्रिणींनो, काजव्याचा उजेड ही त्याची बोली असते. नर चमकून मादीला बोलावतो. आपण प्रखर उजेड टाकला की ते बोलणंच बुडतं. अळीपण त्यांचं ओल्या मातीत गोगलगायी खाऊन जातं, आणि पंख फुटल्यावरचं आयुष्य काही दिवसांचंच. तेवढ्यात जोडी जमली तर पुढच्या वर्षी काजवे. आम्हाला त्या रात्री दहा-बारा चमकताना दिसले असतील. परत आलो तर गाणी चालू. ती दीड वाजता थांबली.

तीनच्या सुमाराला आमच्यातल्या एका मावशींना जायचं होतं. संडासाच्या दारात पाय ठेववत नव्हता. शेवटी पाच जणी मिळून बाटलीत पाणी घेऊन कुंपणाबाहेर, अंधारात निघालो. मावशी म्हणाल्या, "घरोघरी संडास बांधा म्हणून आपण गावभर फिरलो, आणि बाराशे रुपये भरून पुन्हा टमरेलावर आलो." हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात बांधापलीकडचं एक सादडा दिसलं. सगळं झाड एका वेळी उजळत होतं आणि एका वेळी विझत होतं. जणू झाड श्वास घेतंय. दिवे नाहीत, गाणी नाहीत, म्हणून ते आपल्या रीतीने चाललं होतं. आम्ही किती वेळ उभ्या होतो कुणास ठाऊक. छावणीत झोपलेल्या दोनशे माणसांनी याचेच पैसे मोजले होते, आणि हे कुणालाच मिळालं नव्हतं.

परतल्यावर बैठक झाली आणि भांडण झालं. एक बाजू म्हणाली, "एका रात्रीत त्या माणसाने किती कमावलं ते बघा. हंगाम पंधरा-वीस दिवसांचा. वीस तंबू नाही टाकले तर कर्ज फिटणार कसं?" दुसरी बाजू म्हणाली, "त्या रात्री जे आले, त्यातलं पुन्हा कोण येईल?" खरं तर दोघींचंही बरोबर होतं. शेवटी आम्ही हिशोब उलटा मांडला. माळात तंबू किती मावतात हे न विचारता, आपले संडास किती, पाणी किती आणि आपले हात किती, हे विचारलं. दोन पक्के संडास, एक न्हाणी, विहिरीचं पाणी आणि भाकरीला चार जणी. यात अठरा माणसं नीट राहतील. म्हणजे तीन-तीन माणसांचे सहा तंबू. कर्जही तेवढंच लहान घेतलं.

मग चार ठराव वहीत लिहिले. नोंदणी एकाच वहीत आणि एकाच फोनवर. आगाऊ रक्कम आमच्या खात्यात आल्याशिवाय कुठल्याही एजंटाचा माणूस धरायचा नाही. गाड्या दूर, दिवे बंद. बॅटरी लागलीच तर तिला लाल कागद लावून खाली धरायची. स्पीकर नाही. आणि बायकांच्या संडासाच्या वाटेवर रात्रभर एक कंदील.

तुमच्यापैकी कुणी असं काही करणार असाल, तर सरकारची धोरणं माहीत असू द्या. शेतावरच्या पर्यटनासाठी २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, चाकांवरच्या घरांसाठी २०२१ चं कारवान धोरण आहे आणि महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी २०२३ चं 'आई' धोरण. पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात जाऊन चौकशी करा. जागा अभयारण्यात किंवा वनहद्दीत येत असेल तर आधी वनखात्याला विचारा.

आमचा पहिला हंगाम मागच्या जूनमध्ये झाला. दुसऱ्याच शनिवारी चाळीस माणसांचा फोन आला. फोन ज्यांच्या हातात होता त्या ताईंनी आमच्या तोंडाकडे पाहिलं. घरात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी "जागा भरली" सांगितलं आणि फोन ठेवून थोडा वेळ बाहेर जाऊन बसल्या. ती चाळीस माणसं दुसरीकडे गेली. हंगामाअखेर कर्जाचे हप्ते निघाले, पण वाटून घ्यायला फारसं उरलं नाही. दोघी अजून धुसफुसतात, आणि त्यांचं आम्ही ऐकून घेतो. या वर्षी तिसरा संडास बांधतोय. तो झाला की तीन तंबू वाढतील. त्याआधी नाही.

त्या शनिवारी रात्री आमचे अठरा पाहुणे हिरड्याच्या झाडाखाली गोधडीवर बसले होते. अर्धा तास कुणी काही बोललं नाही. एका लहान मुलाने हळूच विचारलं, "आई, हे बंद कधी होतात?" त्याची आई म्हणाली, "आपण दिवा लावला की."

तर मैत्रिणींनो, तुमच्या गावात जत्रा असो, धरण असो की धबधबा, पाहुणा ठेवणार असाल तर आधी एकदा पाहुण्या होऊन या. आणि "जागा भरली" हे दोन शब्द आरशासमोर म्हणून बघा. वाटतात तेवढे सोपे नाहीत.