रजेचं कलम

समाजकार्याच्या पदवीधर मुला-मुलींनो,

तुमचं अभिनंदन. फी भरणाऱ्या आईबापांचं थोडं जास्त अभिनंदन. हा भाग झाला.

कुलगुरूंनी मराठीत बोला म्हणून आग्रह केला, तो मोडवेना. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात अजून मराठी घरं टिकून आहेत. ज्यांना कळणार नाही त्यांनी शेजारच्याला विचारावं, तेवढीच ओळख होईल.

मी मूळची नगरची. आता नाव अहिल्यानगर झालंय, पण जिभेला वळण जुनंच. मिशनच्या कामासाठी इकडे आले आणि बालगृहात रमले. आमच्या मुलांना लोक सरसकट अनाथ म्हणतात. प्रत्यक्षात बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी असतं. बाप तुरुंगात, आईनं दुसरा संसार मांडलेला, किंवा आजी आहे पण तिलाच दिसत नाही. ज्यांना खरोखर कुणीच नाही ती मुलं थोडी. त्यांच्याबद्दलच मला आज बोलायचंय, पण मी आधी भरकटणार आहे. वयाचा हक्क समजा.

आमचं वर्ष थंडीत सुरू होतं, दात्यांबरोबर. डिसेंबरात धुकं पडलं की ब्लँकेटं यायला लागतात. एका नाताळात इतकी आली की कोठीचं दार लागेना, आणि त्याच आठवड्यात मुलांना घालायला धड चड्ड्या नव्हत्या. चड्ड्या द्यायला कुणी येत नाही, त्यांचा फोटो निघत नाही ना! एक गृहस्थ मुलाच्या वाढदिवसाचा केक घेऊन आले आणि आमच्या पोरांना तीनदा टाळ्या वाजवायला लावल्या, पहिल्या दोन वेळा कॅमेरा नीट लागला नव्हता म्हणून. केक चांगला होता, हेही सांगते. मग मेळा. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला हा व्यापार मेळा आमच्या मुलांची खरी दिवाळी. आकाशपाळणा, हातात गजक, आणि परतताना एक तरी पोर हरवल्याचा बोभाटा. ते बहुधा भांड्यांच्या दुकानापाशीच सापडतं.

होळी झाली की दाते ओसरतात. एप्रिलमध्ये लू वाहू लागते. आणि मग मे.

मे महिना कसा असतो ते नीट ऐका. शाळा बंद. ज्यांचं कुणी आहे त्यांना न्यायला मामा, आजी, कधी शेजारीण येते. बालकल्याण समितीची परवानगी काढलेली असते, पिशव्या आदल्या रात्रीच भरलेल्या असतात. चार दिवसांत पंगत निम्मी होते. उरलेली मुलं दुपारी ओल्या चटया टाकलेल्या खोलीत पडून राहतात. दारात रिक्षा थांबली की माना वळतात, मग पुन्हा छताकडे. आणि नेमक्या याच महिन्यात आमचे कर्मचारी रजा मागतात. त्यांचंही खरं असतं. घरची लग्नं मे महिन्यातच निघतात, स्वतःच्या मुलांना सुट्टी असते. पण ज्या मुलाला न्यायला कुणी आलं नाही, त्याची दीदीही त्याच आठवड्यात बॅग उचलते.

आमच्याकडे एक मुलगा होता. कुणी गावाला निघालं की त्याची एक चप्पल गायब व्हायची. एकच. चोरी म्हणावी तर दोन्ही नेल्या असत्या. ती पाण्याच्या टाकीमागे ठेवलेली असायची, पुसून. नवीन आलेली एक कार्यकर्ती त्याच्यावर भयंकर रागावली, ती दुसऱ्या दिवशी अनवाणी गेली आणि परत आलीच नाही. राजीनामा टपालानं आला. मुलांना कुणी काही सांगितलं नाही. साहेब लोकांचं म्हणणं, सांगितलं की रडारड होते. रडू द्या की! न सांगता गेलेल्या माणसाची वाट पाहणं रडण्याहून वाईट.

आता माझी जुनी तक्रार. एका संस्थेत मी रजा मागितली तेव्हा सचिवांनी मला पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं. म्हणाले, त्यांनी कधी रजा घेतली होती का? मी तेव्हा गप्प बसले. पण केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनाबद्दल लहानपणापासून ऐकत आलेय, म्हणून आज उत्तर देते.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर कच्च्या आडोशाला ठेवावं लागलं. १९००च्या सुमारास तिथं दोन हजारांच्या आसपास माणसं होती. हे सगळे सांगतात. पण याच बाई लोणावळ्याच्या प्रार्थनाशिबिरांना जात, मुलींनाही नेत. इतक्या मोठ्या पसाऱ्यात वर्षानुवर्षं त्या हिब्रू आणि ग्रीकशी झटत बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, ते १९२४ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालं. मला वाटतं, तीच त्यांची रजा होती. रोज दोन हजार पोटांचा हिशोब करणाऱ्या माणसाला एखादं काम असं लागतं, ज्यात कुणी जेवायला मागत नाही. आणि त्यांची मनोरमा, संस्थेचा भार वाहणारी एकुलती एक लेक, १९२१ साली चाळिशीत गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. त्यागाच्या गोष्टी सांगणारे मनोरमाबाईंपाशी थांबत नाहीत.

म्हणून सांगते, थकणं हा गुन्हा नाही. या कामात माणूस आतून कोरडा होतो. प्रार्थना करताना ओठ हलतात, मन मात्र उद्याच्या डाळीत असतं. मला ते दरवर्षी साधारण राखीच्या सुमाराला जाणवायचं. पावसातले ताप सरलेले, शाळा रुळलेली. मग मी भाद्रपदात नगरला जायचे. भावाच्या घरी झोपायचे, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचे, कुणाची मौसी नसायचे. जाण्याआधी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर परतीच्या तारखेभोवती गोल काढून घ्यायचे, तो मुलांकडूनच. त्या तारखेला एकदा गाडी अकरा तास रखडली तेव्हा मी स्टेशनमास्तरच्या खोलीतून बालगृहात फोन केला. मुलं जागी होती.

२०१५च्या बाल न्याय कायद्यानं प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना लिहायला लावली. चांगलं केलं. तपासणीला येणारे अधिकारी त्या फायली उघडतात, रजिस्टरं मोजतात, स्वयंपाकघरात डोकावतात. इतक्या वर्षांत एकानंही मला विचारलं नाही, की या मुलाची दीदी गेल्या वर्षी कितीदा बदलली. माझ्या मते पहिला प्रश्न तो असायला हवा. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत प्रायोजकत्वाचे मुलामागे महिन्याला ४,००० रुपये मिळतात, ते घरात राहू शकणाऱ्या मुलांना घरीच ठेवायला उपयोगी पडतात, त्याचं मला समाधान आहे. पण जी मुलं तरीही आमच्याकडे उरतात, त्यांना टिकणारी माणसं लागतात. आणि न थांबता राबवलेलं माणूस टिकत नाही, दोन वर्षांत टपालानं राजीनामा पाठवतं.

तुमच्यातले काही जण या कामात येतील. पगार कमी असेल, त्यावर भांडा, मी तुमच्या बाजूनं येईन. पण नेमणूकपत्र हातात पडलं की आधी रजेचं कलम वाचा. नसेल तर लिहून मागा. रजा दरवर्षी घ्या, मुलांना तारीख सांगून घ्या, त्या तारखेला परत या. आणि कृपा करून, मे महिन्यात घेऊ नका.